जुन्या गाड्यांचे फोटो : नागपूरच्या हौशी फोटोग्राफरांना नेहमी पडणारे प्रश्न

जुन्या गाड्यांचे फोटो टाकले की खाली तेच ते प्रश्न येतात. लेन्स कोणती, गाडी कुठे सापडली, मालक काही बोलले नाहीत का. म्हणून एकदाची सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तसं सांगितलं आहे, तिथे जाऊन पाहा.

१. "व्हिंटेज" गाडी नेमकी कशाला म्हणायचं? माझ्या मामांकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, ती चालेल का?

फोटोसाठी कुठलीही चालते. नावांचं म्हणाल, तर जगभरातल्या शौकिनांच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातली गाडी व्हिंटेज धरतात. आपल्या सरकारची व्याख्या वेगळी आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली, मूळ रूपात असलेली आणि फार मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. अशा गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. रॅलीत अशी पाटी दिसली की तिचा एक जवळून फोटो घ्याच. मामांची पद्मिनी या व्याख्येत अजून बसत नाही, पण त्यामुळे तिचा फोटो वाईट येत नाही.

२. नागपुरात अशा गाड्या दिसतात तरी कुठे?

हिवाळ्यात रॅली आणि प्रदर्शनं होतात, तिथे ढीगभर दिसतात. पण तिथे गर्दीही ढीगभर असते (प्रश्न १३ पाहा). खरा माल गॅरेजमध्ये असतो. शहरातल्या जुन्या मिस्त्री लोकांना विचारा. कार्ब्युरेटर साफ करून देणारा, निकेल (म्हणजे बंपर-जाळीवरचा चकचकीत मुलामा) चढवून आणणारा, जुन्या काचेचं रबर शोधून देणारा माणूस प्रत्येक वस्तीत एखादा तरी उरलेला असतो, आणि कुणाच्या शेडमध्ये काय झाकून ठेवलंय ते त्याला पाठ असतं. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ इथल्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चकडे चालताना नजर ठेवा. ताडपत्रीखाली गोल पाठ दिसली की बहुतेक अॅम्बॅसेडर निघते.

दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून बाहेर काढतात. एरवी वर्षभर शेडमध्ये असलेली गाडीही त्या दिवशी उजेडात येते. फक्त दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते त्या दिवशी लाखोंच्या गर्दीने भरलेले असतात, तेव्हा फिरायचा बेत तसा आखा.

३. मालकाला कसं विचारायचं? मला फार संकोच वाटतो.

"काका, गाडी फार सुंदर ठेवली आहे. दोन फोटो काढू का?" एवढं पुरतं. साल विचारा, मॉडेल विचारा. आणि माहीत असेल तर एक नेमकी गोष्ट बोला. "ही डुक्कर फियाट ना?" असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच फरक पडतो. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गुबगुबीत ११००ला आपल्याकडे डुक्करच म्हणतात आणि मालकही प्रेमानेच म्हणतात. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला असते. दार उघडं ठेवून एक फोटो घेऊ द्यायची विनंती करा.

पाळायचं एवढंच : परवानगीशिवाय हात लावायचा नाही, टेकायचं नाही, आणि पट्ट्याचं बक्कल किंवा कॅमेऱ्याची दोरी पत्र्याला घासू द्यायची नाही. जुना रंग एकदा ओरबाडला गेला की तोच शेड पुन्हा मिळवताना मालकाचे वांधे होतात. घरी गेल्यावर फोटो पाठवा. "पाठवतो" म्हणून गायब होणाऱ्यांमुळेच पुढच्याला नकार मिळतो.

४. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काही जमेल का?

जमेल. चूक एकच होते : लोक गाडीजवळ जाऊन साध्या, म्हणजे १ एक्स लेन्सने काढतात. मग जवळचं मडगार्ड भोपळ्याएवढं होतं आणि मागची डिकी आक्रसते. दहाबारा पावलं मागे जा आणि २ एक्स किंवा ३ एक्स वापरा. गाडी लगेच मूळ आकारात येते. पोर्ट्रेट मोड टाळा; तो आरशाची दांडी, अँटेना आणि वायपर यांच्या कडा खाऊन टाकतो. आणि मे महिन्याच्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो, म्हणून तो सावलीत ठेवा, बोनेटवर तर मुळीच नको.

५. कॅमेरा आहे. कोणती लेन्स, कोणती सेटिंग?

पूर्ण गाडीसाठी फुल फ्रेमवर ५० ते ८५ मिमी, क्रॉप सेन्सरवर ३५ ते ५५. बारकाव्यांसाठी मॅक्रो असेल तर उत्तमच, नाहीतर किट लेन्सही चालते. तिरक्या कोनातून पूर्ण गाडी घेताना अॅपर्चर एफ/८च्या आसपास ठेवा, म्हणजे पुढचा दिवा आणि टपाचा मागचा खांब दोन्ही रेखीव येतात. आयएसओ कमीत कमी, फाइल रॉ (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). काळी गाडी फ्रेमभर असेल तर कॅमेरा तिला राखाडी करायला बघतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं खाली घ्या. पांढऱ्या अॅम्बॅसेडरला उलटं, थोडं वर. बाकी सेटिंगबद्दल फार डोकं खपवू नका. फोटो बिघडतो तो दुसऱ्याच कारणाने. ते पुढच्या प्रश्नात आहे.

६. जागा चांगली, ऊन चांगलं, तरी माझे फोटो घाण का दिसतात? गाडीवर कसले तरी डाग दिसतात.

या सगळ्या प्रश्नोत्तरांत एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

ते डाग नाहीत, प्रतिबिंबं आहेत. आपण जागा निवडताना गाडीच्या पाठीमागे काय आहे ते बघतो : जुनी कमान, मोठं झाड, तलाव. पण पॉलिश केलेला पत्रा आरशासारखा वागतो, आणि तो दाखवतो ते तुमच्या पाठीमागचं. तुमच्या मागे निळ्या पत्र्याचं शेड, पार्क केलेल्या स्कूटी आणि चहाची टपरी असेल तर ते सगळं गाडीच्या दारावर उमटणार. मागची कमान कितीही सुंदर असो.

म्हणून जागेवर पोचल्यावर आधी गाडीकडे पाठ करून उभे राहा. समोर मोकळं मैदान, एकसारखी भिंत किंवा लांबवर गेलेला रस्ता असेल तर जागा चांगली. सूर्य उगवण्याच्या जरा आधी किंवा मावळल्यानंतर मोकळ्या आभाळाची एक लांब फिकट पट्टी गाडीच्या खांद्यावरून पुढून मागे वाहत जाते. ती पट्टी कुठे तुटते, कुठे वाकते ते बघा. पत्र्याची सगळी वळणं ती पट्टीच सांगते. पद्मिनीच्या बाजूची लांब घडी आणि अॅम्बॅसेडरच्या मडगार्डचा फुगार यातला फरक डोळ्यांना तिथेच कळतो. मध्येच विजेचा खांब घुसला तर गाडी दोन हात पुढे घ्यायला सांगा. प्रतिबिंबातला खांब दाराच्या फटीवर सरकतो आणि जवळपास नाहीसा होतो.

महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांत लोकांना वाटतं की जुन्या लाकडी दारासमोर गाडी लावली की झालं. खरं काम करते ती समोरची भिंत. चुन्याची पांढरी भिंत असेल तर सबंध बाजूवर मऊ उजेड पसरतो. समोर गुलाबी ऑइल पेंट असेल तर काळी गाडी गुलाबी होते.

तुम्हीही त्या आरशात असता. गडद, साधे कपडे घाला. भडक नारिंगी टी-शर्ट हबकॅपमध्ये ठसठशीत दिसतो.

७. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कमी करणारा फिल्टर) लावला तर हे सगळं मिटेल ना?

निम्मं मिटेल. पोलरायझर फिरवला की रंगावरची आणि काचेवरची चमक बरीच उतरते, आतलं स्टिअरिंग आणि सीटची शिवण दिसू लागते. पण निकेलवर, म्हणजे बंपर, जाळी, हबकॅपवर, काहीच फरक पडत नाही. उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश फिल्टरला तसा अडवता येत नाही. त्यामुळे निकेलचा इलाज जागा आणि उजेड हाच, फिल्टर नव्हे.

आणखी दोन गोष्टी. फिल्टर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड खातो, म्हणून पहाटे ट्रायपॉड हवा. आणि गाडी वळणदार असल्यामुळे एका कोनात बोनेटवरची चमक जाते पण दारावरची राहते. ट्रायपॉड न हलवता फिल्टर वेगवेगळ्या जागी फिरवून दोन फ्रेम घ्या, नंतर जोडा. मात्र चमक पूर्ण घालवू नका. चमकच नसली तर गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते.

८. पोलरायझर लावल्यावर बाजूच्या काचांवर निळे-जांभळे चट्टे आले. फिल्टर खराब आहे का?

नाही. टफन केलेल्या काचेतला ताण पोलरायझरमधून रंगीत ठिपक्यांच्या रूपात दिसतो. समोरची काच लॅमिनेटेड असेल तर तिथे तो सहसा दिसत नाही. बाजूच्या काचा खाली करा किंवा फिल्टर थोडा परत फिरवा. मूळ काच बदलून नंतर बसवली आहे का याचा अंदाजही कधीकधी यावरून येतो, पण मालकासमोर ते बोलून दाखवू नका.

९. नागपुरात नेमकी वेळ कोणती? इंटरनेटवरच्या वेळा जुळत नाहीत.

कारण त्या बहुधा मुंबई-पुण्याच्या असतात. आपण पूर्वेकडे असल्याने इथे सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरअखेरीस इथे सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो आणि साडेपाचनंतर लगेच बुडतो. मे महिन्यात साडेपाचलाच उजाडतं.

माझं मत सांगायचं तर सकाळच. संध्याकाळी रस्त्यावर गाड्या, हवेत धूळ आणि फुटाळ्याच्या काठावर कणीसवाल्यांची गर्दी. सकाळी रस्ते रिकामे, मालक ताजेतवाने, आणि काम संपल्यावर तर्री पोहे खायला वेळ मिळतो. मालकाला पोहे तुम्हीच खिलवायचे, हेही इथेच लिहून ठेवतो.

हिवाळ्यात पहाटे टपावर दव साचतं. ते पुसण्याआधी फोटो घ्या. अॅम्बॅसेडरच्या गोल टपावर प्रत्येक थेंबात आभाळ असतं.

१०. मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हाच वेळ मिळतो. काढायचं की नाही?

काढा, पण सकाळी आठच्या आत आवरा. त्यानंतर आभाळ पांढरं पडतं, पत्रा हात लावू देत नाही आणि गाडी कुरकुरते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप आणि नळी तापली की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पुरवठा तुटतो. गाडी झटके देते, बंद पडते, मग काही वेळ उठतच नाही. म्हणून कितीतरी अॅम्बॅसेडर-फियाटवाले उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवतात. बोनेट उघडलं की ते फडकं दिसतं, कडेने सुकून कडक झालेलं, मध्ये अजून ओलं. फोटो घ्यायला मालक लाजतात, पण इंजिनाच्या सगळ्या फोटोंत मला तोच आवडतो.

"काका, जरा मागे घ्या, आता पुढे घ्या" हे मे महिन्यात करू नका. प्रश्न ६मध्ये सांगितलेली जागेची पाहणी गाडी येण्याआधीच, स्वतः उभं राहून उरका.

मेमध्ये एक बक्षीसही असतं : बहावा. पिवळ्या झुंबरांखाली काळी गाडी उभी करा. बोनेटवर पडलेल्या पाकळ्या झाडू नका.

११. कोणते बारकावे टिपावेत? दरवेळी लोगोच काढतो.

लोगो सगळेच काढतात. अॅम्बॅसेडरचं साल जाळीवरून ओळखायला शिका : १९६२च्या सुमाराला मार्क टू आली तेव्हा चौकटींची जाळी आली, मग पुढच्या मार्कना ती बदलत गेली. ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात थेट २०१४पर्यंत बनत होती, तेव्हा दोन पिढ्यांच्या जाळ्या शेजारी शेजारी मिळाल्या तर सोडू नका. फियाटचंही तसंच. १९६४च्या डिलाइटपासून पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी, अंग बरंचसं तेच, नाव आणि जाळी मात्र बदलत गेली. मॉरिस मायनर भेटली तर दारामागच्या खांबातून बाहेर येणारा इंडिकेटरचा छोटा हात चालतो का ते विचारा. चालत असेल तर मालक स्वतःच परत परत करून दाखवतील.

बाकी : स्टिअरिंगवर हात घासून गेलेली जागा, पेडलचं झिजलेलं रबर, डॅशबोर्डवरचा देवाचा फोटो, डिकीतलं हँडल. निकेलचे बारकावे काढताना बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करा, जाळीच्या प्रत्येक पट्टीवर स्वच्छ उजेड पडतो.

१२. गाडी कशी उभी करायची?

पुढचं चाक थोडं वळवा, असं की चाकाची चकती कॅमेऱ्याकडे येईल. टायरची नक्षी दिसता कामा नये. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर. उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी केविलवाणी दिसते. सीटवरचा टॉवेल, डॅशवरची पार्किंगची पावती, पाण्याची बाटली काढून घ्या, अर्थातच विचारून. धूळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसू नका, बारीक ओरखडे पडतात. मालकाला ओल्या मऊ कापडाने पुसू द्या.

१३. रॅलीत लोकच लोक असतात. गाडी एकटी कशी मिळवायची?

गाड्या लावायला सुरुवात होते तेव्हा पोचा. ते जमलं नाही तर पूर्ण गाडीचा नाद सोडा आणि बारकावे काढा (प्रश्न ११). किंवा लोकांनाच घ्या. खांद्यावर नातू घेऊन "आपल्याकडे हीच होती" असं सांगणारे आजोबा दरवेळी असतातच, फक्त फोटो काढल्यावर त्यांना दाखवा.

१४. चालत्या गाडीचा फोटो थांबलेल्यासारखा येतो.

शटर जास्त वेगाचं आहे. १/५०० सेकंदाला चाकाच्या तारा गोठतात. १/६०ला या, गाडी समोरून जाताना तिच्याबरोबर कॅमेरा फिरवा आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहा. सवय झाली की १/३०. रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून काढा. दुसऱ्या गाडीच्या डिकीत बसून किंवा खिडकीबाहेर लटकून काढायचं नाही. जुन्या गाडीचे ब्रेक आजच्या गाडीसारखे चटकन लागत नाहीत, मागची गाडी तुमच्या अंगावर येईल.

१५. कुठे परवानगी लागते? मला एकदा हटकलं होतं.

सार्वजनिक रस्त्यावर हौसेने फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही, पण नागपुरात काही जागा जपून. वायुसेना नगर आणि कामठी छावणीच्या बाजूला कॅमेरा बाहेर काढू नका. सीताबर्डीचा किल्लाही लष्कराकडे आहे. विधानभवन आणि उच्च न्यायालयाच्या इमारती पार्श्वभूमीला फार मोह पाडतात, पण सुरक्षेचा प्रश्न असतो. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात तर सिव्हिल लाइन्सचा नादच सोडा. एकेकाळी त्याच अधिवेशनाला पांढऱ्या अॅम्बॅसेडरची रांग लागायची, आता रांग दुसऱ्याच गाड्यांची असते. झिरो माइलच्या चार घोड्यांसमोर गाडी थांबवायची असेल तर रविवारी अगदी पहाटे जा, आणि वाहतूक अडेल असं काही करू नका. कस्तुरचंद पार्क, बागा, रेल्वेचा परिसर इथे लेखी परवानगी घेतलेली बरी.

ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. विमानतळ आणि हवाई दल दोन्ही शहरातच असल्याने इथे बऱ्याच भागात मनाई किंवा परवानगीची अट आहे.

१६. "व्हीए" नंबरची गाडी फोटोसाठी कुठेही बोलावता येते का?

नाही. या नोंदणीतली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी चालते. म्हणजे लग्नाच्या शूटिंगला भाड्याने आणा म्हणून मालकाच्या मागे लागू नका. त्यांच्या अंगणात किंवा प्रदर्शनात काढा. साध्या नोंदणीवर असलेल्या जुन्या गाड्यांना ही अट नाही.

१७. नंबर प्लेट झाकायची का?

मालक सांगतील तसं. काहींना जुना नंबर म्हणजे अभिमान असतो, काहींना नको असतं. पण ठिकाण मात्र कधीच सांगू नका. फोटोतला लोकेशनचा डेटा काढून टाका, शेडचं दार आणि घराची पाटी दिसू देऊ नका. जुने हबकॅप, बोनेटवरचे मॅस्कॉट आणि आरसे चोरीला जातात, कारण ते दुकानात मिळत नाहीत.

१८. फोटोचा हक्क माझा की गाडीच्या मालकाचा?

हौसेने काढला असेल तर तुमचा. कॉपीराइट कायदा १९५७नुसार छायाचित्राचा पहिला हक्क काढणाऱ्याचा असतो. अपवाद इथे आहे : मालकाने पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून पाचशे रुपये घेतले तरी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहून ठेवा : फोटो कोण, कुठे वापरणार. कॅलेंडर छापायचं असेल तर कायदा काहीही म्हणो, मालकाला विचारा. शहर लहान आहे, पुढची गाडीही त्यांच्याच मित्राकडे असते.

१९. एडिटिंग किती करावं?

विजेच्या तारा काढा, बाकी बेताने. तयार प्रीसेट लावले की सगळं नारिंगी-निळं होतं आणि रंगच बदलतो. एखाद्या गाडीचा फिकट हिरवा मूळ कारखान्याचा शेड असतो, मालकाने तो जुळवायला पेंटरकडे किती चकरा मारल्या ते त्यालाच ठाऊक. तुमच्या फोटोत तो पोपटी दिसला तर वाईट वाटणारच. निकेलवर आभाळाचा निळा जास्त चढला असेल तर तेवढ्या भागाचाच निळा कमी करा.

२०. भंगारात पडलेल्या गाड्यांचे फोटो काढावेत का?

जरूर. गंज, फाटलेलं छत, डिकीतून वर आलेलं रोपटं, यात एक वेगळीच मजा असते. पण जागेच्या मालकाला विचारून. आणि पावसाळ्यात, विशेषतः शहराबाहेरच्या यार्डात, आधी काठी आपटा, मग वाका. सीटखाली साप आणि विंचू आरामात राहतात. बूट घाला, चप्पल नको. एक जण बाहेर उभा असू द्या.